फायनलच्या सकाळी धुतलेलं किट

"दादा, तुमच्या किटला मेलेल्या उंदरासारखा वास का येतो?"

विचारलं बाई एकदाचं! पिपाणीने डोळे मिटून प्रश्न फेकला आणि सरावाचं अख्खं मैदान चिडीचूप झालं. ही पैज लावणाऱ्या तिच्या तीन मैत्रिणी जाळीपलीकडे एकमेकींच्या मागे लपायला लागल्या. तिघींना एकाच वेळी एकमेकींच्या मागे लपता येत नाही, हे कळायला त्यांना बराच वेळ लागला.

पिपाणी नववीतली. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही तिचा आवाज फुटत नव्हता. यंदा पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धेत बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायला तिची निवड झाली, गळ्यात ओळखपत्र आलं आणि घशातलं बूच जे उडालं ते उडालंच! तेव्हापासून घरात पंखा कितीवर ठेवायचा हेसुद्धा तीच ठरवायची.

देशाचा गोलकीपर, म्हणजे दाराच्या चौकटीएवढा माणूस, तिच्याकडे अतिशय गंभीर चेहऱ्याने बघत म्हणाला, "खरंय गं. अत्तर संपलंय. तूच धुऊन दे ना, आज फायनल आहे."

"हो हो, इस्त्रीपण कर," प्रशिक्षक म्हणाले. "देशावर उपकार होतील!"

सगळा संघ खो खो हसला.

"नक्की, सर!" पिपाणी म्हणाली. सगळे आणखी हसले.

आता टोमणा कळायला टोमणे मारणाऱ्या घरात वाढावं लागतं. पिपाणीच्या घरी आई जे बोलायची ते करायचंच असायचं. आणि आई होती खेळाडूंच्या वसतिगृहातल्या लाँड्रीची मुख्य! डाग आणि दुर्गंध हे तिचे खासगी शत्रू.

संघ नाश्त्याला गेला. किट व्हरांड्याच्या कठड्यावर ऊन खात पडलं होतं, कारण ते खोलीत आणलं तर आपण झाडाखाली झोपू, अशी धमकी गोलकीपरच्या खोलीतल्या जोडीदाराने पहिल्याच दिवशी दिली होती. पिपाणीने पॅड, बुटांवरचे किकर, हातमोजे, छातीचं कवच, सगळं ढकलगाडीत घातलं आणि लाँड्रीत आणलं.

"कुणी सांगितलं?" आईने विचारलं.

"खुद्द प्रशिक्षकांनी! म्हणाले, देशावर उपकार होतील."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. भावनेने की वासाने, सांगता येत नाही. "बारा दिवस नाकाला रुमाल लावून त्या व्हरांड्यातून जातेय मी," ती बाह्या सरसावत म्हणाली. "आण इकडे!"

पहिलं पाणी चहासारखं निघालं. दुसरं कॉफीसारखं. तिसऱ्या पाण्याला काय म्हणायचं ते दोघींनाही सुचेना. पाचव्या पाण्याला किटचा मूळ रंग पांढरा आहे असा शोध लागला. फक्त एक घोटाळा झाला. ते सगळं जाड फोमचं होतं, आणि फोमने पाणी असं प्यायलं होतं, जणू बारा दिवसांचा तहानलेला! एक पॅड उचलायला दोघी लागल्या.

तेवढ्यात गोलकीपर शोधत शोधत दारात आला. मागे प्रशिक्षक. टपटप गळणारं, साबणाच्या वासाचं, पांढरंशुभ्र किट बघून गोलकीपर कपड्यांच्या ढिगावर मटकन बसला.

"धुतलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, दादा!"

"अगं, मी टोमणा मारला होता!"

"मग तसं सांगून मारायचा ना!"

"जिंकत असताना गोलकीपर किट धूत नाही गं!" तो कळवळला. "पाच सामने, पाच विजय! सगळे त्या वासात होते!"

"विजय नव्हते त्यात, बुरशी होती," आई ठामपणे म्हणाली.

प्रशिक्षकांनी विचारलं, "राखीव गोलकीपरचं किट?"

"सर, तो माझ्या खांद्याला लागतो. त्याचे पॅड मला मोज्यांसारखे दिसतील."

"सामना चारला आहे," प्रशिक्षक पिपाणीकडे वळले. "दोनपर्यंत हे वाळलं नाही, तर गळ्यातलं ते ओळखपत्र काढून माझ्या हातात द्यायचं. कळलं? हा टोमणा नाही."

पिपाणीच्या घशात बूच परत बसायला लागलं. तिने ओळखपत्र मुठीत घट्ट धरलं. पुन्हा मागच्या बाकावर बसून तोंडातल्या तोंडात 'हजर' म्हणायचं? छे!

"बाबा!" ती ओरडली आणि ढकलगाडी घेऊन रस्त्यापलीकडे सुटली.

बाबांची बेकरी होती. सगळं ऐकून ते शांतपणे म्हणाले, "केक आत्ताच निघालेत. भट्टी निवत आलीय. सरकव आत."

दर दहा मिनिटांनी ते पॅड बाहेर काढत, त्यात सुई खुपसत आणि सुईला बोट लावून बघत. "मधून ओलं आहे. अजून जरा राहू दे." मागोमाग आलेला गोलकीपर प्रत्येक सुईला आपल्यालाच टोचल्यासारखा विव्हळत होता. पावणेदोनला बाबांनी शेवटची सुई काढली. कोरडी! "वरून थोडं खरपूस झालंय," ते कौतुकाने म्हणाले, "पण आतून छान जमलंय."

ओळखपत्र वाचलं! आता फक्त देश वाचायचा होता.

चार वाजता सामना सुरू झाला आणि एक भयंकर गोष्ट उघडकीला आली. बारा दिवस गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, म्हणजे डीमध्ये, विरोधी खेळाडू फार रेंगाळत नव्हते. जाणकारांनी त्याला आपला पोलादी बचाव म्हटलं होतं. अग्रलेख लिहिले होते! आज मात्र आपल्या गोलभोवती व्हॅनिलाचा मंद सुगंध दरवळत होता. समोरच्या संघाचे खेळाडू डीमध्ये आले ते पाहुण्यांसारखे स्थिरावले. एकाने तर चक्क खोल श्वास घेतला आणि गोल मारला. मग दुसऱ्याने.

मध्यंतराला दोन-शून्य! गोलमागे बसलेल्या पिपाणीकडे प्रशिक्षकांनी एकदाच बघितलं. तेवढं पुरलं.

पण फोम तो फोमच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ऊन, धावपळ, घाम. व्हॅनिला डळमळला. चौथ्या क्वार्टरला गोलमागे बसलेल्या पिपाणीचं नाक पहिल्यांदा हललं. मग समोरच्या कर्णधाराचं. पाच पाण्यांतून आणि एका भट्टीतून जिवंत निघालेला तो जुना वास परत आला होता, आणि येताना केक घेऊन आला होता!

डी ओस पडली. आपण दोन गोल फेडले. बरोबरी सोडवायच्या शूटआउटमध्ये एकेका खेळाडूला गोल करायला आठ सेकंद मिळतात. समोरच्या पाचव्या खेळाडूने त्यातले सहा शिंकण्यात घालवले.

जिंकलो!

प्रशिक्षकांनी मुलाखतीत विजयाचं श्रेय 'शिस्तबद्ध व्यूहरचनेला' दिलं. गोलकीपर मात्र किटची भलीमोठी पिशवी ओढत पिपाणीपाशी आला. "घे. तुला. धुवायला नाही हं!"

संध्याकाळी आई टेबल पुसत होती, बाबा केकचे उरलेले तुकडे मांडत होते. पिपाणीने पिशवी धाडकन टेबलावर ठेवली आणि चेन उघडली. बाबांनी केक झाकला. आईने सवयीने बाह्या सरसावल्या.

"थांब, आई!" पिपाणी हेल्मेट डोक्यावर चढवत म्हणाली. "मी ठरवलंय. मी गोलकीपर होणार! आणि हा टोमणा नाही. किट माझ्याच खोलीत राहील. जिंकत असेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही."

मग हेल्मेटच्या आत पहिला श्वास घेतला, आणि जरा वेळाने आतून बारीक आवाज आला,

"पंखा पाचवर करा."