शांतता कक्ष: अर्ज तीन दिवस आधी

मन शांत असल्याशिवाय शिक्षण होत नाही, आणि लेखी पुरावा असल्याशिवाय मन शांत आहे असं म्हणता येत नाही. हे ओळखून आमच्या शाळेने शांतता कक्ष उभारला. समितीचा सचिव मीच होतो, हे नम्रपणे नोंदवतो.

पहिला प्रश्न जागेचा. पाहणीत आढळलं की जिन्याखालच्या मोडक्या बाकांच्या खोलीत नववीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत एकटी बसते. परीक्षा जवळ आली की तिच्या छातीत धडधडायचं. तिथे दहा मिनिटं बसलं की थांबायचं. शिपाईमावशी तिला स्टूल द्यायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. म्हणजे ही जागा गुणकारी आहे, हे सिद्धच झालं. समितीने एकमताने तीच खोली निवडली आणि मुलीला बाहेर काढलं.

कक्ष देखणा झाला. भिंतींना फिकट निळा रंग (छटा ठरवायला चार बैठका, दोन सदस्य अजून एकमेकांशी बोलत नाहीत), पायाखाली प्लास्टिकचं गवत, बसायला गाद्या, दाबायला मऊ चेंडू, स्पीकरवर झऱ्याची खळखळ. पहिल्याच आठवड्यात एकशे बारा मुलांनी लघवीला जायची परवानगी मागितली. झरा उद्घाटनाच्या पाहुण्यांना आवडला होता, म्हणून परवानगी बंद केली.

प्रवेशाचे नियम अगदी साधे होते. अस्वस्थ होण्याच्या तीन दिवस आधी अर्ज, त्यावर वर्गशिक्षकांची सही, सोबत पालकांचं पत्र. रडत आलेल्यांना प्रवेश नाही (गाद्यांवर डाग पडतात).

सहामाहीच्या सकाळी ती मुलगी दाराशी आली. मावशी तिच्यामागे उभ्या.

"सर, पोरीला नुसतं बसायचंय हो. दहा मिनिटं. हात बघा कसे कापतायत."

"अर्ज?"

"या हातांनी कसा लिहील ती?"

"अक्षर वाचता आलं की पुरे," मी म्हणालो. मी काही अगदीच दगड नाही. तिने तीन कागद फाडले. चौथा लिहीपर्यंत पेपरची घंटा झाली.

पुढे कक्षाचा उपयोग किती झाला, हे वरून विचारलं गेलं. तेव्हा आम्ही शांततेची परीक्षा ठेवली. एकूण गुण वीस: श्वासाला पाच, चेहऱ्याला पाच, हात न कापण्याला दहा. महिनाभरात गावात शांततेच्या दोन शिकवण्या निघाल्या, त्यातली एक पहाटे पाचला. पालकसभेत त्या मुलीचे वडील उठले. दिवसभर शिलाई मशीन चालवणारा साधा माणूस. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "सर, घरी मी तिला रोज दरडावून शांत बसवतो. तरी गुण का पडत नाहीत?" मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी पहाटेची शिकवणी सुचवली.

आता तुम्ही हसत असाल. हसा. पण मगापासून तुमच्या मनात एक गोष्ट घोळतेय, आणि ती कळल्याशिवाय तुम्हालाही चैन पडणार नाही. तर सांगून टाकतो: तिला वीसपैकी सात पडले. पहिल्या आलेल्या मुलाला साडेएकोणीस.

ती आता मधल्या सुट्टीत कुठे बसते, हे ना आम्ही विचारलं, ना तुम्ही.