तारेवरचं सोवळं

व्याह्यांना शॉक बसला तेव्हा त्यांच्या हातात कॉफीचा पेला होता, हेच मुळात चुकलं. नातीचा पाळणा कुठवर आला ते बघायला रंगराव नंजनगूडहून आले होते. भुजंगरावांनी त्यांना घरामागच्या शेडमध्ये नेलं, भुसा ओढायचं नवं मशीन चालू केलं आणि "बघा, एक कण उडत नाही" असं ते म्हणतात तोवर रंगरावांनी कौतुकाने मशीनच्या प्लास्टिक पाइपवर हात ठेवला. टक्क आवाज झाला. पेला वर गेला, कॉफी खाली आली, आणि मध्ये रंगरावांचं शुभ्र धोतर होतं.

रंगराव सभ्य गृहस्थ. "काही नाही, काही नाही," म्हणत ते डागासकट बसने परत गेले. वेदवतीबाईंनी मात्र बस सुटेपर्यंतच दम धरला.

"मुलीच्या सासऱ्याला शॉक देतात का हो कुणी?"

"अगं, तो करंटचा शॉक नव्हे. कोरड्या हवेत भुसा पाइपला घासत जातो, त्यामुळं..."

"साकु! पुरे तुमचं ते. आणखी एकाला शॉक बसू दे, मशीन नजरबादच्या भंगारवाल्याकडं आणि पाळणा दुकानातनं. तुमच्या हातात पोर द्यायचं म्हंजे मला भीतीच वाटत्ये, ठिणगी निघंल म्हणून!"

हे शेवटचं भुजंगरावांना फार लागलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सुतारकाम शिकून जी स्टुलं केली होती त्यांवर घरातलं कुणी बसत नसे. पाळणा मात्र सुरेख उतरत होता. नातीने आपल्या हातच्या पाळण्यात निजावं एवढीच त्यांची इच्छा होती, आणि बारसं तर आठवड्यावर आलं होतं. मशीन गेलं तर भुसा थेट बाळंतिणीच्या खोलीत, म्हणजे सुतारकामच बंद. काय वाट्टेल ते करून शॉक थांबवायचा, असं त्यांनी ठरवलं.

उपाय त्यांनी शोधून काढला. पाइपला उघडी तांब्याची तार गुंडाळायची, ती मशीनच्या लोखंडाला बांधायची आणि पुढे जमिनीत सोडायची. घरातल्या अर्थिंगवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण ते घराच्याच वयाचं होतं. माघातल्या उन्हाने अंगण दगडासारखं झालेलं. ओली माती फक्त तुळशीपाशी, कारण त्यांची थोरली बहीण शांताक्का तिथे दोन्ही वेळा घागर रिकामी करी. भुजंगरावांनी तुळशीशेजारी सळई ठोकली, अंगणावरून डोक्याच्या उंचीवर तार नेली आणि सगळ्यांना बजावलं, "ह्या तारेला कुणीही हात लावायचा नाही. पाइपमधलं सगळं ह्या तारेतनं वाहत जातं."

हे वाक्य त्यांना महागात पडायचं होतं.

त्या संध्याकाळी शॉक बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सणसणीत बसला. ओरडावं तर बायको ऐकणार, म्हणून भुजंगरावांनी "अय्यो" गिळलं आणि तोंडातून "हरे श्रीनिवासा!" काढलं. बघतात तो पाइपवरून तार सुटलेली. त्यांनी ती पुन्हा बांधली. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुटली. त्यांनी खारीला शिव्या दिल्या आणि पक्कड घेऊन गाठीला चांगला पीळ दिला. चौथ्या दिवशी पीळही नीट उलगडलेला, आणि पक्कड भलत्याच खिळ्याला टांगलेली. खार काही पक्कड वापरत नाही. इकडे शेडमधला श्रीनिवासाचा गजर इतका वाढला की वेदवतीबाई शेजारी सांगू लागल्या, "आमचे हे अगदी बदललेत हो."

शेवटी भुजंगराव उजाडताच शेडच्या दाराआड दबा धरून बसले. न्हाणीघराचं दार वाजलं आणि ओलेत्याने शांताक्का बाहेर आली. काखेत पिळलेलं लुगडं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पक्कड. तिने तार पाइपवरून सोडली, पेरूच्या झाडाला बांधली आणि काठीने आपलं लुगडं तिच्यावर पसरलं. रोज भुजंगराव शेडमध्ये येईतो लुगडं वाळून उतरलेलं आणि तार पेरूवरून सोडून दिलेली असे, म्हणून त्यांना आजवर पत्ता लागला नव्हता.

"अक्का! हे काय चाललंय?"

"दूर, दूर! शिवशील. मडी आहे."

सोवळ्याला म्हैसूरच्या या घरात मडीच म्हणत, आणि अक्काची मडी इतकी कडक की सकाळी मांजरसुद्धा तिला वळसा घालून जाई.

"माझी तार का सोडतीस?"

"कोणी शिवायचं नाही म्हणून तूच सांगितलास की नाही? मडीचं लुगडं वाळत घालायला अशी तार मला जन्मात मिळाली नव्हती अप्पा."

"मग घाल की! सोडतीस कशाला?"

"तिकडनं पाइपला तू पारोशा हात लावतोस. पाइपमधलं सगळं तारेतनं वाहतं म्हणालास. मग मैलिगे वाहत नाही होय?"

"अक्का, विटाळ तारेतनं येत नसतो!"

"तुझा करंट डोळ्यांनी दिसतो?"

"नाही."

"मैलिगेही दिसत नाही," अक्का म्हणाली आणि काठी घेऊन वळली.

 वाद जिंकायला भुजंगराव आलेच नव्हते, त्यांना पाळणा पुरा करायचा होता.

"बरं, मी आंघोळ करून मडीनं काम करतो. मग ठेवशील तार?"

अक्काने विचार केला. "पंचासुद्धा मडीचाच पाहिजे."

तेव्हापासून रोज पहाटे गार पाण्याची आंघोळ, तारेवरून काठीने उतरवलेला पंचा, आणि उघड्या अंगाने सागवान घासणं. थंडीने दात वाजत, पण शॉक पुन्हा बसला नाही. बारशाच्या आदल्या दिवशी पाळण्याला शेवटचा हात फिरला.

बारशाला नात पाळण्यात पडली आणि आई पुढे काय गाते याची वाट न बघता झोपून गेली. वेदवतीबाईंनी पाळणा हलवून बघितला. मुळीच डुगडुगला नाही. मग झोपलेली पोर उचलून त्यांनी भुजंगरावांच्या हातात दिली. "घ्या. नाही निघत ठिणगी," त्या म्हणाल्या. भुजंगरावांना भरून आलं.

त्या भरात ते रंगरावांना शेडकडे घेऊन गेले. रंगरावांनी नवं धोतर नेसलं होतं आणि हातात कॉफी होती. ते दारातच थांबले.

"या हो, खुशाल हात लावा. शॉक पार गेला."

रंगरावांनी धीर गोळा केला आणि एक बोट हळूहळू पाइपकडे नेलं.

"शिवू नकाऽऽ!" अंगणातून अक्का किंचाळली.

पेला वर गेला, कॉफी खाली आली.

"अजून शॉक आहे की हो!"

"शॉक नाही," भुजंगराव खाली मान घालून म्हणाले, "मडी आहे."

रंगराव धोतराकडे बघत राहिले. "मग शॉकच बरा होता की," ते म्हणाले. "तो निदान हात लावल्यावर तरी बसायचा."