साडेतीन बोटं

हमीदभाईंशी हात मिळवणं धोक्याचं असतं. तुम्ही सहज हात पुढे करता आणि ते तुमची बोटं मोजतात. एका लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी नवरदेवाचा हात हातात घेतला, क्षणभर दाबला आणि खाली उतरून मला कुजबुजत म्हणाले, "पोरगं घाबरलंय साहेब. दोनच्या वर नाय."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी, सातपूरच्या आमच्या कारखान्याच्या गेटबाहेर बदामाच्या झाडाखाली हमीदभाई उभे राहतात. खांद्यावरचा चौकड्यांचा रुमाल काढून उजव्या हातावर पांघरतात. कामगार एकेक करून पुढे येतो, रुमालाखाली हात घालतो. हमीदभाई खालच्या आवाजात एकच प्रश्न विचारतात, "आज हितली नोकरी सुटली, तर म्हैन्याच्या आत दुसरी धरशील?"

उत्तर तोंडानं द्यायचं नाही, बोटांनी द्यायचं. पाच म्हणजे डोळे मिटून मिळेल. एक म्हणजे अवघड आहे. नुसती मूठ म्हणजे काही खरं नाही. ज्याला ठरवता येत नाही तो एखादं बोट अर्धं वाकवतो, तेही चालतं. सगळ्यांचे हात झाले की हमीदभाई आकाशाकडे बघत मनात बेरीज-भागाकार करतात आणि भाव पुकारतात. "आजचा भाव, साडेतीन!" मग माणसं 'बरं आहे की' अशा चेहऱ्यानं आत जातात.

हमीदभाई मूळचे सायखेड्याचे. वडील बैलबाजारातले दलाल. बाजारात बैलाची किंमत चारचौघांत बोलत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करत, बघ्यांना नुसता रुमाल हललेला दिसे. वडील गेले, बाजार बसला, हमीदभाई कारखान्यात स्टोअरला लागले. रुमाल तेवढा बरोबर आला. आणि बैलाकडे बघायची नजर. नवीन ट्रेनी रुजू झाला की ते स्टोअरच्या खिडकीतून त्याला हातमोजे देतादेता न्याहाळतात आणि मत देतात: "दोन दाती हाय अजून, कोवळं, पण चालीला बरं हाय." मागे हेड ऑफिसहून एक सल्लागार सूटबूट घालून आले होते. त्यांना बघून म्हणाले, "शिंगं लय झ्याक रंगवलीत."

हा उद्योग ते कित्येक वर्षं करत आहेत आणि सगळे भाव त्यांना पाठ आहेत. लिहून काही ठेवत नाहीत. नोटा बंद झाल्या तेव्हा किती, शेजारची कंपनी गुजरातला गेली तेव्हा किती, सगळं तोंडावर. कोविडात गेट बंद होतं तर त्यांनी फोनवरून भाव काढला. समोरच्याला आधी हातात रुमाल धरायला लावत. "दिसत नसलं म्हून काय झालं, रीत हाय." देवळ्याकडच्या पोरांचा हिशेब ते वेगळा धरत. लासलगावला कांदा वर गेला की ही पोरं बेफिकीर होऊन पाची बोटं उघडत. हमीदभाई त्यातलं एक दुमडून परत देत. "ह्ये नोकरीचं नाय, कांद्याचं बोट हाय."

चुकतही भरपूर. एकदा भाव एकदम घसरला म्हणून ते दोन दिवस जेवले नाहीत. नंतर कळलं, त्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये रोज दुधीची भाजी होती आणि माणसं नुसतीच वैतागली होती.

इथपर्यंत हसून लिहिलं. आता पुढचं लिहितो, जे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मला हमीदभाईंचा मत्सर वाटतो. गमतीचा नाही, पोटात जळतं तसला.

मी त्याच कारखान्यात पर्सोनेलला आहे. माणसांच्या मनात काय चाललंय हे जाणून घ्यायचा पगार मला मिळतो. दरवर्षी मी छापील फॉर्म वाटतो. नाव लिहू नका, मोकळेपणानं लिहा, असं वर ठळक अक्षरात असतं. 'आपणांस नोकरीची सुरक्षितता वाटते का?' या प्रश्नापुढे सगळा कारखाना 'पूर्णतः' वर खूण करतो. ज्याला आदल्या दिवशी मेमो दिलेला असतो तोसुद्धा. मी त्याचे रंगीत आलेख करून वर पाठवतो. आमचे मोठे साहेब ते बाजूला सरकवतात आणि विचारतात, "ते असू दे निकम. हमीदचा आकडा काय म्हणतो?"

हे मी सहन करत होतो. मग एका रविवारी मी तापानं अंथरुणाला होतो आणि हमीदभाई कुठल्याशा कागदावर सही घ्यायला आले. पुण्याहून मुलगा आला होता, अनिकेत. सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला मी फोनवर कधीही विचारलं तरी एकच उत्तर: "सगळं मस्त, बाबा." मी सही करून बाहेरच्या खोलीत आलो तर अनिकेतचा हात त्या रुमालाखाली होता. मान खाली. मला बघून त्यानं हात काढला आणि पाणी प्यायला आत गेला.

ताप उतरल्यावर मी स्टोअरच्या खिडकीशी गेलो. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, पोरानं किती दाखवली. हमीदभाईंनी माझ्या हातात नको असलेला हातमोज्यांचा जोड ठेवला आणि म्हणाले, "रुमालाखालचं रुमालाखाली, साहेब."

माझ्या मुलाचं उत्तर एका रुमालाला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. आणि इतक्या वर्षांत हमीदभाईंनी मला एकदाही विचारलं नव्हतं, तुमची किती? मी गेटमधून आत जाताना ते रुमाल सरळ करत आणि नमस्कार करत, एवढंच.

त्या आठवड्यात मी नोटीस लावली. 'आरोग्याच्या दृष्टीने सामायिक कापडाचा वापर टाळावा.' खाली माझी सही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी रुमाल धुऊन, इस्त्री करून, हॉस्पिटलसारखा वास मारत हजर. हमीदभाईंनी नोटीस स्वतः वाचून दाखवली. "साहेबांनी आपल्या भल्याचंच लिव्हलंय. नळावर हात धुवून या रे सगळे." माणसं हात धुवून रांगेत लागली. माझ्यावर कोणी चिडलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

यंदा मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पन्नाशीच्या पुढच्या कायम कामगारांना वर्षावर्षाच्या करारावर घ्यायचं, पगार कमी, असा विचार वर चालला होता. त्यांनी खुर्चीत मागे रेलून सांगितलं, की सोमवारी हमीदचा आकडा बघायचा. तीनच्या खाली आला तर लगेच कागद पुढे करायचे. घाबरलेली माणसं सह्या करतात. वर असला तर सध्या थांबायचं, नाहीतर चांगले हात शेजारी निघून जातील.

ही बातमी कारखान्यात पसरायला चहाची एक सुट्टी पुरली. पन्नाशीच्या पुढच्यांत हमीदभाई स्वतःही बसत होते.

शनिवारी तेच माझ्या टेबलाशी आले. डोळ्याचं ऑपरेशन होतं, मोतीबिंदूचं, आठवडाभर यायचं नव्हतं. त्यांनी रुमाल घडी करून माझ्यापुढे ठेवला. "सोमवारी तुम्ही उभे रहा."

मी म्हटलं, मी कंपनीचा माणूस. मला कोण बोटं देणार?

"माणसाला देतच नायत साहेब. रुमालाला देतात." मग रुमाल माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आन् तुमच्याइतका तोंडाचा घट्ट माणूस आख्ख्या कंपनीत नाय."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अखेर तो रुमाल माझ्या हातात आला होता. रविवारी मी तो दोनदा हातावर टाकून पाहिला.

सोमवारी बदामाखाली उभा राहिलो. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. मग प्रेस शॉपचे निवृत्ती आहेर पुढे आले आणि त्यांच्यामागे बाकीचे. निवृत्तीचं एक बोट प्रेसमध्ये गेलेलं आहे. "त्याचे चार म्हंजी पाच धरायचे," असं हमीदभाईंनी मला बजावलं होतं. निवृत्तीनं हात आत घातला. मी प्रश्न विचारला. माझ्या तळव्यावर त्यांची मूठ येऊन टेकली. चार नाही, तीन नाही. मूठ.

पुढचा आला, मूठ. त्याच्या पुढचा, एक बोट, तेही वाकलेलं. मग परत मूठ. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे समोरच्या जाहिरातीच्या बोर्डाकडे बघत होते, पण रुमालाखाली त्यांचे हात घामेजलेले होते आणि काही काही माझ्या तळव्यावर लागतं त्यापेक्षा जास्त वेळ थांबत होते. ज्यांच्या फॉर्मवर मी वर्षानुवर्षं 'पूर्णतः' वाचलं, त्यांचेच हे हात. हेच तर मला हवं होतं. आता मिळालं होतं, आणि रुमाल तिथेच टाकून आत निघून जावंसं वाटत होतं.

शेवटचा हात बाहेर गेला. मी हमीदभाईंसारखं आकाशाकडे पाहिलं. बेरीज करायची गरजच नव्हती. शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"साहेब, भाव?" निवृत्तीनं विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस नुकताच माझ्या हातात मूठ देऊन गेला होता, आणि त्याला वाटत होतं की अशी मूठ आपली एकट्याचीच आहे.

"साडेतीन," मी म्हणालो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त निवृत्ती मागच्याला म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? तुझ्या मेव्हण्याच्या कंपनीत विचार तरी." आणि माणसं आत गेली, रोजच्यापेक्षा किंचित ताठ.

मोठ्या साहेबांनी आकडा ऐकून भुवया चढवल्या. "अजून साडेतीन? कुठून येतो यांना एवढा कॉन्फिडन्स? मग सध्या राहू दे." सध्या म्हणजे किती दिवस, ते मला माहीत नाही. पण कागद कपाटात गेले.

संध्याकाळी हमीदभाईंच्या घरी गेलो. काळा चष्मा लावून ते पलंगावर बसले होते. घरात दुसरं कोणी नाही, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मालेगावला दिली आहे. मी आल्याचं पावलांवरूनच ओळखलं त्यांनी.

"किती निघाला?"

"साडेतीन."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "आन् खरा?"

"रुमालाखालचं रुमालाखाली," मी म्हणालो.

हमीदभाई हसले. डॉक्टरांनी हसायला मनाई केली असावी, कारण लगेच चष्मा धरला. "माझाबी कोविडपास्नं दोनच्या वर गेला नाय, साहेब. अब्बा म्हनायचे, शेतकरी भ्याला की बैल फुकापासरी देऊन मोकळा होतो. म्हून त्याच्या कानात आधी सांगायचं, पल्याडच्या दावणीला जास्ती चाललाय. मग तो घाई नाय करत. बस, तेवढंच करतो मी."

म्हणजे दर महिन्याला ज्या आकड्यासाठी मी जळत होतो, तो त्यांनी दर महिन्याला पदरचं घालून फुगवलेला होता. आणि आमचे मोठे साहेब माझे आलेख बाजूला सारून त्यावर विसंबून होते. मला हसू यायला हवं होतं.

मी रुमाल परत केला. त्यांनी चाचपडत घेतला, हातावर पांघरला आणि तो हात माझ्यापुढे केला.

"तुमचं राहूनच गेलं."

"मला कधी विचारलं नाहीत ते," मी म्हणालो. आवाजात तक्रार होती, लपली नाही.

"तुम्ही रोज गेटातनं तोंड फिरवून जायचे. मला वाटलं, साहेबाला आवडायचं नाय."

मी हात आत घातला. मी बावन्न वर्षांचा आहे, फॉर्म छापण्याखेरीज मला फारसं काही येत नाही. बोटं उघडलीच नाहीत. आणि तिथे, रुमालाखाली, माझी मूठ ज्याला टेकली तो उघडा तळवा नव्हता. तीही मूठच होती.

हमीदभाईंनी रुमाल काढून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "अनिकेतला फोन करा. त्याची इचारू नका. आधी तुमची सांगा."

परतताना त्र्यंबक रोडला गाडी कडेला लावली आणि फोन लावला. काय रे, कसं चाललंय, असं सवयीनं विचारून गेलोच.

"सगळं मस्त, बाबा."

"माझं नाही रे," मी म्हणालो.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दार लावून घेतल्याचा.

"बोला बाबा," अनिकेत म्हणाला.