चोरटा श्वास

कुणी खोटं बोललं की माझे शेजारी राऊत मास्तर त्याला "खोटं बोलतोस" असं कधी म्हणत नसत. "दम सुटला तुझा!" म्हणत. शाळेत मुलांना म्हणत, हेडमास्तरांना म्हणत, पालघरच्या बाजारातही म्हणत. एकदा मुरबे गावची कोळीण शिळे बोंबील ताजे म्हणून विकत होती. मास्तरांनी टोपलीवर वाकून वास घेतला.

"बाये, दम सुटला हां तुझा."

"सुटला तं सुटला. बोंबील घेतो का नाय, ते बोल!"

घरात मात्र हा शब्द त्यांच्या तोंडी येत नसे. मूलबाळ नव्हतं, नवरा-बायको दोघंच, आणि वहिनींना दमा.

मास्तर व्यायाम शिकवत. पण त्यांच्या मते सगळी नीती हुतूतूत होती. एका श्वासात 'हुतूतू' म्हणत चढाई करून परत यायचं. मध्येच हळूच श्वास घेतला तर दम सुटला, गडी बाद; पण पंचाला ते कळेलच असं नाही. ज्याचं त्याला मात्र कळतं. "तिथंच माणूस ठरतो," मास्तर म्हणत. "चोरून श्वास घेतला, तर आपणच हात वर करायचा आन् बाहेर व्हायचं."

एका वर्षी आमच्या शाळेचा बोईसरच्या संघाशी अंतिम सामना होता. शेवटच्या चढाईत आमचा काशिनाथ गडी बाद करून परतला. पंचांनी गुण दिला, ढाल आमची झाली. तेवढ्यात मास्तर रेघेबाहेरून ओरडले, "काश्या, दम?"

"गुर्जी, पंचांना नाय कळलं!"

"तुला कळलं ना?"

काशिनाथने हात वर केला. आम्ही एका गुणाने हरलो.

मी हिशेबी माणूस. एका श्वासाला अख्खी ढाल, हा भाव मला पटेना. संध्याकाळी तेच सुनावायला मी त्यांच्या दारात गेलो आणि उंबऱ्यावरच थांबलो. वहिनींचा दमा उसळला होता. मास्तर शेजारी बसून त्यांची पाठ चोळत होते. मैदानावरचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"घे गो, घे. हळूच घे. चोरून घे. इथं पंच नाय."

बऱ्याच वेळाने वहिनींना श्वास सापडला. त्या हसल्या की खोकल्या, कळलं नाही.

"दम सुटला हां तुमचा," त्या पुटपुटल्या.

मास्तरांनी एक हात वर केला. बाहेर मात्र झाले नाहीत. दुसऱ्या हाताने पाठ चोळत राहिले.