अलका नावाची बाई

"अलका कहाँ हैं?" काचेपलीकडच्या बाईनं विचारलं.

"मैं ही अलका हूँ," सुनयना म्हणाली.

"आप तो सुनयना हैं. पासपोर्ट में लिखा है."

"जी, सुनयना भी मैं ही हूँ."

काचेपलीकडची बाई हसली नाही. एम्बसीच्या खिडकीत हसायचा पगार मिळत नाही. तिनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पासपोर्टवर नाव होतं सुनयना विश्वास टिपणीस. लग्नाच्या दाखल्यावर परीक्षित राजाध्यक्ष यांची पत्नी म्हणून नाव होतं अलका. आणि अर्ज होता परीक्षितची बायको म्हणून त्याच्या देशात कायमचं राहायला जाण्याचा.

"देखिए," बाई म्हणाली, "इनकी एक वाइफ है. अलका. आप दूसरी हैं. हमारे यहाँ एक ही चलती है."

सुनयना चाणक्यपुरीच्या त्या गुळगुळीत फुटपाथवर येऊन उभी राहिली. तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या लग्नात आपण स्वतःचीच सवत झालो, हे तिला बस येईपर्यंत नीट उमगलं नाही.

त्याचं असं झालं. डिसेंबरात करोल बागेत, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लग्न लागलं. सासूबाई चंद्रप्रभा परदेशात बावीस वर्षं राहिलेल्या, त्यामुळे त्यांना सगळं रीतसर हवं होतं. तांदळाचं ताट मागवलं गेलं, परीक्षितनं अंगठीनं तांदळात 'अलका' असं लिहिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्तावीस वर्षांचं नाव पाव किलो तांदळात बुजवलं, आणि वर पेढे खाल्ले. नाव कुणी निवडलं? सासूबाईंनी. सुनयनाला विचारलं? तिला तर परीक्षितही "आवडलं ना?" असं नंतर विचारत होता, जिलबी तोंडात असताना.

मंडळाचे सेक्रेटरी दीनानाथ कुळकर्णी लग्नाचा दाखला लिहायला बसले तेव्हा ताट समोरच होतं. त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात ताटातलं नाव उतरवून घेतलं. रजिस्ट्रारच्या कचेरीतल्या कारकुनानं मंडळाचा शिक्का बघितला आणि तेच नाव पुढे ढकललं. नऊ दिवसांनी परीक्षित आणि सासूबाई विमानात बसले. सुनयनानं नोएडातल्या वॉशिंग मशीनच्या कंपनीतली, लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची नोकरी सोडली. "जाणारच आहेस ना, मग कशाला ती बसची धक्काबुक्की," असं सगळे म्हणाले. आता नोकरी नव्हती, नवरा टेलिफोनवर होता आणि जाण्यावाचून तिला दुसरं काही उरलं नव्हतं.

"यात काय आहे?" वडील म्हणाले. विश्वासराव एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. कागद बिघडला तर त्यावर दुसरा कागद लावायचा, एवढा एकच उपाय त्यांना ठाऊक होता. त्यांनी स्वतः ॲफिडेव्हिट लिहिलं: अलका आणि सुनयना ही एकच व्यक्ती असून कायद्याच्या सर्व कामांसाठी तशीच समजण्यात यावी. 'सर्व' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली. एक प्रत एम्बसीला, एक परीक्षितला.

एम्बसीचं उत्तर आलं: बापाच्या शब्दावर चालणार नाही, पासपोर्टवर तसं नाव हवं.

"मग करून टाका अलका," दीनानाथ म्हणाले. "सोपं आहे. पोलीस घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, संपलं."

आता या मधल्या काळात आईनं, म्हणजे सरलाबाईंनी, एक उद्योग करून ठेवला होता. लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या सरकारी वसाहतीत रोज दूध घेताना बायका विचारायच्या, "बेटी अभी यहीं है?" त्या 'अभी'नं सरलाबाईंना घास गिळेना. एका सकाळी त्या वरच्या मजल्यावरच्या कांता आंटीला म्हणाल्या, "वो तो गई!"

"आई, मी इथे आहे!" सुनयना घरात ओरडली.

"हळू बोल. गेलीस म्हणून सांगितलंय मी. महिन्याभराचाच तर प्रश्न आहे, यार!"

तेव्हापासून सुनयना परदेशात राहू लागली. आतल्या खोलीत. बेल वाजली की टीव्ही बंद. पाहुणा बसला तर दोन-दोन तास खोकला दाबून. कुणी विचारलं, तिकडे थंडी असेल ना, की सरलाबाई बाहेरच्या खोलीतून सांगायच्या, "बिल्कुल! बर्फ ही बर्फ!" इकडे आत पंखा बंद, कारण रिकाम्या खोलीत पंखा कसा चालेल?

नाव बदलायच्या अर्जाच्या चौकशीला हवालदार आला तो नेमका दुपारी. वडील ऑफिसात, आई भाजीला. त्यानं दार वाजवलं. सुनयना सवयीनं गप्प बसली. मग जिन्यावरून कांता आंटीचा आवाज आला.

"किसको ढूँढ रहे हो, भैया?"

"अलका को. यहीं रहती है?"

"अलका? यहाँ कोई अलका-वलका नहीं. इनकी तो एक ही बेटी थी, सुनयना. वो फॉरेन चली गई. बड़ी अच्छी लड़की थी."

'थी' ऐकून सुनयना दाराशी आली. कडीवर हात ठेवला. दार उघडलं तर आई खोटी पडणार होती, नाही उघडलं तर आपण. पेन्सिल कागदावर खरखरताना तिला ऐकू येत होती. मोठ्या झालेल्या मुलीनं आईला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, हे तिला लहानपणीच शिकवलं होतं. स्वतः खरं कसं ठरायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. बूट जिना उतरून गेले.

रिपोर्ट आला: अलका नावाची बाई या पत्त्यावर राहत नाही, कधी राहिलेली नाही; सुनयना नावाची होती, ती देश सोडून गेली. अर्ज फेटाळला. विश्वासरावांनी सवयीप्रमाणे रिपोर्टची प्रत जावयाला फॅक्स केली. मग तीन महिने काहीच घडलं नाही. सुनयना आतल्या खोलीत, पंखा बंद.

एका रविवारी फोन वाजला. परीक्षित खूष होता.

"प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड! अलकाला सोडलं मी!"

"काय केलंस?"

"अगं, कागदावर! एम्बसीला एकच बायको हवी ना? मग अलकालाच काढून टाकलं. बायको बेपत्ता असली की इथे घटस्फोट पटकन होतो. तुमच्याच पोलिसांचा रिपोर्ट लावला. जज म्हणाला, व्हेरी सॅड. आता मी मोकळा, तू मोकळी. येतो, फ्रेश लग्न करू!"

सुनयनानं रिसीव्हर छातीशी धरून ते आईबाबांना सांगितलं. सरलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. विश्वासराव मात्र उठले नाहीत. त्यांनी फाइल काढली, ॲफिडेव्हिट काढलं, चष्मा लावून वाचलं, आणि 'सर्व'खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

"एकच व्यक्ती असून," ते पुटपुटले, "सर्व कामांसाठी."

"म्हणजे हो?"

"म्हणजे अलकाचा घटस्फोट तो हिचा घटस्फोट. माझ्या सहीनं."

"असं कसं होईल?" सरलाबाई कळवळून म्हणाल्या. "ती तर फॉरेनला आहे!"

फोनवर आता सासूबाई आल्या होत्या. "मनाला लावून घेऊ नकोस गं. माझंच चुकलं. त्या अलका नावाचा गुणच आला नाही. या खेपेला अहिल्या ठेवू."

"अहिल्येला विचारून कळवते," सुनयना म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पुढचं वर्षभर परीक्षित "काय ठरलं?" असं विचारत होता. मग त्याचं विचारणं थांबलं. कुणी म्हणतं, त्यानं तिकडेच केलं. तिचं नाव काय ठेवलं ते कळलं नाही.

सुनयना मात्र त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊ वाजता पुढच्या दारानं बाहेर पडली आणि नोएडाची बस पकडून जुन्या कंपनीत गेली. टेबलापलीकडच्या माणसानं फॉर्म दिला, मधे कार्बन घातलेला, चार प्रतींचा.

"मैडम, शादी के बाद नाम चेंज हुआ होगा न? नया वाला लिखिए."

तिनं पेन इतकं दाबलं की पहिला कागद फाटला.

"अरे! दूसरा ले लीजिए."

"नहीं. यही रखिए," ती म्हणाली.

त्यानं फाटका कागद उचलून खाली पाहिलं. उरलेल्या तिन्ही प्रतींवर 'सुनयना' स्वच्छ उमटलं होतं.