चौथा गिअर टाकायचा नाही

कृष्णेच्या पुलावर स्कूटरचं इंजिन जाम झालं, तेव्हा मागे बसलेल्या आप्पांचा मृत्यूही जाम झाला. छातीतली कळ होती तिथंच थांबली. ना चढली, ना उतरली. शैलजाने बापाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांनी नाडी पाहून दाखल करायला नकार दिला. पेशंट अजून वाटेत आहे, म्हणाले. ज्या गाडीवरून निघाला, तिच्यावरूनच पोचायला हवा. नियमाने पाहिलं तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

तेव्हापासून आप्पा गुलाब मिस्त्रींच्या गॅरेजात बाकड्यावर बसून होते. भूक नाही, झोप नाही, नुसती कळ. शैलजा डबा न्यायची आणि तसाच परत आणायची. बाप जिवंत आहे याचा आनंद मानावा, तर त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मिस्त्रींनी हेड उतरवलं. पिस्टननं सिलिंडर घट्ट धरला होता. टाकीतलं पेट्रोल बोटांवर चोळून त्यांनी विचारलं, यात ऑइल घातलं होतं का? शैलजाचा चेहरा उतरला. या जुन्या स्कूटरला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, हे आप्पांनी तिला शाळेत असल्यापासून शिकवलं होतं. पंपावरच्या माणसानं विचारलंही होतं. राहू दे, घाई आहे, असं तीच म्हणाली होती.

मिस्त्रींनी तिला बोल लावला नाही. पिस्टन डिझेलमध्ये भिजवला आणि लाकडी ठोकळा लावून ठोकत ठोकत सोडवला. प्रत्येक ठोक्याला बाकड्यावर आप्पा कण्हत होते. सिलिंडर बोअर करून, आतून कोरून रुंद करून आणला, मोठा पिस्टन बसवला.

"ताई, नवा पिस्टन हाय," मिस्त्री म्हणाले. "हळू न्यायची. चौथा गिअर टाकायचा न्हाई. पळवली तर परत धरंल, आन् आप्पा परत अडकत्याल."

"आणि हळू नेली तर आप्पा दवाखान्यापर्यंत टिकतील?"

"न्हाई टिकायचं."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती ही. शैलजाने डोळे पुसले आणि गाडी आणखी थोडे दिवस गॅरेजातच ठेवता येईल का, असं विचारलं. मिस्त्रींनी आप्पांकडे पाहिलं.

"शैले," आप्पा म्हणाले, "बापाला किती दिवस वाटेत ठेवशील?"

मग ते उठले. ऑइलचं माप त्यांनी स्वतःच्या हाताने टाकीत ओतलं, आणि नीट मिसळावं म्हणून तिघांनी मिळून स्कूटर डावीउजवीकडे हलवली. प्रवास जिथं थांबला तिथूनच सुरू व्हायला हवा होता, म्हणून गाडी ढकलत पुलावर नेली. पहिल्या किकला चालू झाली. आप्पांची कळ लगेच वर चढली.

शैलजा तिसऱ्यात चालली होती. ट्रक गेले, एसटी गेली, उसाचा ट्रॅक्टरसुद्धा पुढे निघून गेला. तिचा डावा हात राहून राहून चौथ्याकडे वळत होता. आप्पांनी मागून हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला. पोस्टापाशी तो हात खाली सरकला, आणि त्यांचं डोकं तिच्या पाठीवर टेकलं. तिनं गिअर बदलला नाही.

डॉक्टर दारात उभेच होते. त्यांनी नाडी पाहिली आणि पेशंटला आत घ्यायला सांगितलं. इंजिनाचा आवाज अगदी साफ येत होता.