खुर्चीत न टिकणारा बाबल

बाबल परब सलग दहा मिनिटं खुर्चीत बसलेला आमच्या कचेरीत कुणी पाहिला नव्हता. आवक टपाल नोंदवता नोंदवता उठायचा, खिडकीची कडी ठोकायचा, तिथून साहेबांचं बंद घड्याळ उघडून बसायचा. टपाल टेबलावर फडफडत राही. हाक मारली की "इलंय, इलंय," आणि यायचा नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तिथे हेडक्लार्क, म्हणजे सर्वज्ञ. शेजारच्या टेबलावरचे नाईक म्हणायचे, "आळशी आसा." आळशी माणूस दिवसातून चाळीसदा उठत नाही, हे त्यांना कसं कळावं? ते दहाला बसले की जेवायलाच उठत. सावंतबाईंच्या मते घरी धाक नव्हता. "मनावर घेतलं की सगळं जमतं," हे माझं वाक्य. ते ऐकवताना माझ्या ड्रॉवरात डॉक्टरांनी बंद केलेलं गुळाचं गोड खाजं असायचं.

एकदा वाळवीने पोखरलेले जुने नकाशे जुळवून लावायला बाबल चार तास मान वर न करता बसला. चहासुद्धा विसरला. आम्ही कौतुक केलं? छे. "म्हणजे जमता मेल्याक. नाटकां करता," नाईकांनी निकाल दिला.

शेवटी आम्ही सुशिक्षितांनी ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या बाबलाचा चित्त थाऱ्यार हाड रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," आम्ही सगळे. बाबल तेवढा नव्हता. तो देवळाच्या पन्हळीतला पाला काढायला कौलांवर चढला होता.

बाबल सहा वर्षं हंगामी होता. त्या वर्षी त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे माझ्या अभिप्रायावर होतं. 'कामात लक्ष नाही' असा मसुदा खिशात घालून, टाईप करायला मी सकाळी साडेसातलाच कचेरीत गेलो. दार उघडं. बाबल एकटा, ओळीवर बोट ठेवून रजिस्टरातले क्रमांक मोठ्याने वाचत होता.

"तू हंय कसो रे?"

"रोज येतंय, भाऊनू. पयल्या गाडयेन. काल सुटलेला आज भरतंय. दहाक माणसां इली की माझा ध्यान तुटता."

"मग सांगूक नाय ता?"

"सांगान कोणाक पटतला? सगळे म्हणतत, मी लबाड." तो रजिस्टराकडे बघत राहिला. "माकाय आता तसाच वाटता."

सहा वर्षं मी त्याचा वरिष्ठ होतो. एवढं एकच मी त्याला नीट शिकवलं होतं.

खिशातला कागद मी चुरगळला. त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.

"वाच पुढचो नंबर," म्हटलं. "मी बसतंय हंय."